चौथा रकाना

सोमवारी सकाळी दहाला पाच कमी असताना नवी डोळ्यांच्या रुग्णालयाच्या तळघरात उतरली. हातात जेवणाचा डबा होता आणि पर्समध्ये नेमणुकीचं पत्र. आपल्याला काही येत नाही हे पहिल्याच दिवशी कुणाच्या लक्षात येऊ नये, एवढीच तिला काळजी होती.

नवी हे काही तिचं नाव नव्हे. पण वरच्या मजल्यावरच्या लोकांनी पहिल्या तासातच "ती नवी आलीय ना, तिला खाली पाठवा" असं म्हणून टाकलं आणि तेच चिकटलं. वय एकोणीस. कॉम्प्युटर येतो म्हणून अर्जात लिहिलं होतं. म्हणजे पत्र टाइप करता येत होतं आणि चित्रं उघडता येत होती.

रुग्णांच्या नोंदींची खोली जिन्याच्या अगदी तळाशी होती. खिडकी नव्हती. भर दिवसा ट्यूबलाइट लावावी लागे, आणि ती लावली की खोली उजळण्याऐवजी आणखीच फिकी पडे. भिंतीला लागून पुठ्ठ्यांची खोकी होती. मध्ये टेबल, त्यावर जुनाट यंत्र, समोर चाकांच्या दोन खुर्च्या अगदी हाताला हात लागेल अशा शेजारी शेजारी, आणि कोपऱ्यात एक लाकडी स्टूल. खोलीला ओलसर पुठ्ठ्याचा आणि तापलेल्या धुळीचा वास होता. मधूनच निलगिरीच्या मलमाचा. डोकं दुखतं तेव्हा कपाळाला चोळतात, त्या मलमाचा.

स्टुलावर मास्तर बसले होते. साठीला टेकलेले, शर्टाच्या खिशात तीन पेनं. आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, यंत्र सांभाळायला यायचे. तिला शिकवायचं कामही त्यांच्याच गळ्यात पडलं होतं.

"माऊस कुठंय?" नवीने विचारलं.

"नाही. इथं बोट दाखवून काही मिळत नाही, पोरी. नाव घेऊन मागावं लागतं."

पडदा काळा होता. त्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत होती. काही न विचारता उत्तराची वाट बघणाऱ्या माणसासारखी.

मास्तरांनी तिच्यापुढे एक लांबट वही सरकवली. पानावर चार रकाने आखलेले होते. तारीख. आज्ञा. कोणी सांगितली. कोणी वाचली.

"आज्ञा आधी इथं लिहायची. मग यंत्रावर टाइप करायची. मग मोठ्याने वाचायची. शेजारच्याने पडद्यावर बघून 'हो' म्हटलं, की मगच एंटर. ज्याने वाचलं त्याने चौथ्या रकान्यात खूण करायची."

"प्रत्येक वेळी? काय शाळेसारखं..."

"प्रत्येक वेळी. उठताना 'एक्झिट' लिहून आपल्या नावातून बाहेर पडायचं. दोन मिनिटांसाठी उठलीस तरी. यंत्र सगळं लिहून ठेवतं. कोणाच्या नावाने, किती वाजता, काय केलं."

"हे नियम कोणाचे?"

मास्तरांनी एक पेन काढलं आणि परत खिशात ठेवलं. "आधी एक बाई होत्या. त्यांचे. 'हो'शिवाय पुढे जायच्या नाहीत म्हणून सगळे त्यांना होबाई म्हणायचे."

नवीला हसू आलं. मास्तर हसले नाहीत. शेजारची खुर्ची रिकामी असताना ते स्टुलावरूनच मान लांब करून पडदा वाचत होते, हेही तिला तेव्हा फक्त गमतीचं वाटलं.

पहिल्या आठवड्यात ती चार-पाच आज्ञा शिकली. पी-डब्ल्यू-डी म्हणजे मी कुठे उभी आहे ते सांग. सी-डी म्हणजे त्या खोलीत जा. एल-एस म्हणजे इथे काय काय आहे ते दाखव. रात्री जेवताना तिने आईला हे ऐकवलं.

"अगोबाई, मग तुझं ते एल-एस जरा तुझ्या कपाटावर चालव," आई म्हणाली. "इथे काय काय आहे ते मलाही कळू दे."

"कपाटाला पासवर्ड आहे."

"पासवर्ड कसला, उघडलं की अंगावर पडतं सगळं."

नवी खूश होती. काळ्या पडद्याची भीती चेपत चालली होती. आपण नेमकं म्हणतो आणि यंत्र नेमकं तेवढंच करतं, यात एक प्रकारचा मान होता. तिच्या आयुष्यात एवढ्या लक्षपूर्वक तिचं कुणी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, ती खोलीत एकटी होती. तिने वहीत एल-एस लिहिलं, टाइप केलं आणि नियम म्हणून मोठ्याने वाचलं. शेजारी कोणी नव्हतं. आपलंच हसू येऊन तिने एंटर दाबलं. दिवसभरात अशा अकरा आज्ञा झाल्या. चौथा रकाना तिने कोरा ठेवला. खोटी खूण करायला तिचं मन होईना.

संध्याकाळी वही मिटताना तिने पाहिलं. अकराच्या अकरा ओळींपुढे बारीक जांभळी खूण होती. प्रत्येक खुणेची शेपटी थोडी वर वळलेली.

दुपारी ती दोन मिनिटं पाणी प्यायला गेली होती. तेवढ्यात कोणी चेष्टा केली असेल, असं तिने ठरवून टाकलं. पण शेवटच्या तीन ओळी तिने पाणी पिऊन आल्यावर लिहिल्या होत्या.

गुरुवारी तिने मास्तरांपुढे वही धरली. "मास्तर, जांभळी पेन्सिल कोणाकडे असते?"

मास्तरांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. "इथे... कोणाकडे नाही आता."

"आता म्हणजे?"

"आज 'हू' शिकू," ते घाईने म्हणाले. "या क्षणी यंत्रावर कोण कोण बसलंय ते दाखवते. लिही."

तिने लिहिलं, वाचलं. स्टुलावरून मास्तर "हो" म्हणाले. तिने एंटर दाबलं.

पडद्यावर दोन ओळी आल्या. पहिलीत तिचं नाव. दुसरीत एका बाईचं नाव, तिने कधी न ऐकलेलं. पुढे वेळ होती: सकाळी दहाला पाच कमी. वार कोणताही असो, नवी रोज जिना उतरायची ती हीच वेळ.

"या कोण?"

स्टूल फरशीवर कर्रकन मागे सरकलं. मास्तर उभे राहिले होते. "ते खातं बंद आहे. नऊ वर्षं झाली. मी बंद केलं... माझ्या हाताने."

यंत्राचा पंखा घरघरत होता. निलगिरीचा वास एवढा दाटला की नवीच्या डोळ्यांना पाणी आलं. मग तिने हट्टाने विचारायला सुरुवात केली आणि मास्तरांनी तुकड्यातुकड्याने सांगितलं. जिन्यात, दार ओढून घेतल्यावर.

नऊ वर्षांपूर्वी एका दुपारी साहेबांचा वरून फोन आला. साहेब म्हणजे रुग्णालयाचे व्यवस्थापक. तेव्हाही तेच, आजही तेच. फोनवर त्यांनी एक आज्ञा अक्षरं लावून सांगितली. जुना कचरा आहे, काढून टाका, म्हणाले. होबाईंनी टाइप केली, मोठ्याने वाचली, शेजारच्याने 'हो' म्हटलं, त्यांनी एंटर दाबलं. दोनशे रुग्णांच्या नोंदी गेल्या. त्यात कचरा एकही नव्हता. औषधाच्या एका खराब साठ्याबद्दल लोक विचारायला लागले होते, नेमक्या त्यांच्याच नोंदी होत्या त्या. चौकशी बसली तेव्हा साहेबांनी काखा वर केल्या. मी कसला फोन केला? चौकशीवाल्यांनी यंत्र पाहिलं. यंत्रात बाईंचं नाव होतं, बाईंची वेळ होती. यंत्राला बोटं दिसतात, पोरी, तोंड दिसत नाही. बाई म्हणाल्या, वहीत बघा, तिसऱ्या रकान्यात सांगणाऱ्याचं नाव आहे. वही सापडली नाही. बाईंना घरी बसवलं. आठ महिन्यांनी त्या गेल्या.

"आजारी होत्या?"

"बोलणं बंद झालं होतं. डॉक्टर म्हणाले, घशात काही दोष नाही."

नवीची कानशिलं तापली. भीती कुठल्या कुठे गेली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि चोर अजून वरच्या मजल्यावर पंख्याखाली बसून सगळ्यांच्या रजेच्या अर्जांवर सह्या करत होता!

"आणि त्या दिवशी शेजारी कोण होतं, मास्तर? 'हो' कोण म्हणालं?"

मास्तर कठड्याला धरून उभे होते.

"वाचलं होतं का तुम्ही?"

"रोज पन्नास वेळा म्हणायचो..." ते म्हणाले. "त्या रोज बरोबरच असायच्या."

"मग चौकशीत का नाही बोललात? फोन आला तेव्हा तुम्ही शेजारीच होता ना? मूग गिळून बसलात!"

"माझी दोन मुलं शिकत होती," मास्तर म्हणाले आणि जिना चढून निघून गेले. त्यांचा तास संपायला अजून अवकाश होता.

त्या दिवसानंतर नवीने एक गोष्ट केली. कुणाला सांगितली असती तर लोकांनी तिला वेड्यात काढलं असतं. टाइप करून झालं की ती मोठ्याने वाचायची आणि थांबायची. शेजारच्या खुर्चीचं चाक किंचित किरकिरायचं. मग कानापासून वीतभर अंतरावर, दमलेला, घोगरा, पण स्पष्ट आवाज यायचा.

"हो."

अंगावर काटा यायचा, रोज यायचा. पण नोकरी सोडावी असं तिला वाटलं नाही. चुकीचं टाइप झालं की 'हो' यायचा नाही. ती पुन्हा पडदा बघायची आणि चूक सापडायची. मास्तरांपेक्षा चांगलं शिकवणारी बाई होती ती. सी-पी म्हणजे नक्कल करणं आणि आर-एम म्हणजे पुसणं, या दोन आज्ञा नवी मास्तरांच्या कागदावरून वाचून तिच्याच शेजारी बसून शिकली. आर-एमला कचऱ्याची टोपली नसते. गेलं ते गेलं. आर-एमचा सराव करताना शेजारचा 'हो' नेहमीपेक्षा उशिरा यायचा.

त्याच दिवसांत वरच्या व्हरांड्यातल्या बाकावर एक निवृत्त ड्रायव्हर येऊन बसू लागले होते. उजव्या डोळ्यावर पट्टी.

"काय गं, तळघरातल्या बाई, माझी फाइल सापडली का?" नवी दिसली की विचारायचे.

"माझ्याकडे मागणीच आली नाही, काका."

"वरचे म्हणतात खाली विचारा, खालचे म्हणतात वर विचारा. चाळीस वर्षं गाडी चालवली, एवढी वळणं कुठल्या घाटात नाही पाहिली." मग हसणं विझायचं. "मोतीबिंदू काढायला आलो होतो. डोळाच काढला. का काढला एवढं कागदावर बघायचंय."

बुधवारी, दुपारचे तीन वाजले असतील, टेबलावरचा फोन वाजला.

"बाळ, साहेब बोलतोय. कसं चाललंय शिक्षण?"

"बरं चाललंय, साहेब."

"शाब्बास. जरा एक जुना कचरा काढायचाय. मी सांगतो, तू फक्त टाइप कर. घे, आर, एम..."

नवीचा हात वहीवर थांबला. फोन खांद्याशी धरून तिने लिहिलं. आज्ञा. तिसऱ्या रकान्यात: साहेब, फोनवर, तीन वाजून सात मिनिटं. मग तिने टाइप केलं आणि मोठ्याने वाचलं, साहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात.

शेजारून 'हो' आला नाही. चाकही किरकिरलं नाही. ट्यूबलाइट दोनदा लुकलुकली. मग अगदी कानाशी...

"आधी आत बघ."

तिने टाइप केलेलं अक्षर न् अक्षर मागे घेतलं आणि एल-एस केलं. साहेबांनी सांगितलेल्या त्या फोल्डरमध्ये एक्केचाळीस नावं होती. तारखा याच वर्षीच्या, तीन दिवसांच्या, एकाच शस्त्रक्रियागृहातल्या. सतरावं नाव ड्रायव्हरकाकांचं होतं.

"झालं का गं?" फोनमधून साहेब म्हणाले.

"यंत्र हळू चालतंय, साहेब. एक मिनिट." आयुष्यात ती इतकं सहज खोटं कधी बोलली नव्हती. तिने सी-पी टाइप केलं. अख्खं फोल्डर, दुसऱ्या डिस्कवर. फोनवर हात ठेवून कुजबुजत वाचलं.

"हो." या वेळी लगेच.

नक्कल पुरी झाल्यावर तिने फोन कानाशी घेतला. "साहेब, हा कचरा नाही. यात माणसं आहेत. याच वर्षीची."

पलीकडचा आवाज बदलला. "तू शिकायला आलीस की शिकवायला? महिना झाला नाही अजून. सांगितलंय तेवढं कर."

"मग लेखी द्या, साहेब. तुमच्या सहीने."

"लेखी? हात तुझे, यंत्र तुझं, लेखी माझं कशाला?"

हेच. नेमकं हेच. नऊ वर्षांपूर्वी एका बाईने विश्वासाने ऐकलं होतं ते याच तोंडातून. नवीला इतका संताप आला की तिचा आवाज उलट थंड झाला. "हात माझे आहेत म्हणूनच नाही करणार."

फोन आपटल्याचा आवाज आला. नंतर वरून जिन्यावर बूट वाजू लागले.

नवीने एक्झिट टाइप केलं. ती आपल्या नावातून बाहेर पडली, उठली आणि दाराशी जाऊन उभी राहिली.

साहेब आत आले ते घामेजलेले. तिच्याकडे न बघता तिच्या खुर्चीत बसले. पडदा नाव विचारत होता. "हे काय? उघड हे."

"ज्याने बसायचं त्याने आपलं नाव घालायचं, साहेब. नियम आहे."

"नियम!" शिवी देऊन साहेबांनी स्वतःचं नाव घातलं. व्यवस्थापकाला सगळीकडे शिरता येत होतं, फक्त स्वतःच्या हाताने शिरायची सवय नव्हती. एकेक अक्षर हुडकत त्यांनी आज्ञा टाइप केली. मग त्यांचं लक्ष उघड्या वहीकडे गेलं आणि ते मोठ्याने हसले.

"अजून चाललाय का तो खुळेपणा? वाचून दाखवायचं, नाही का? ऐका हं, होबाई!"

आणि त्यांनी आज्ञा वाचली. नाटकी सुरात, शेवटच्या अक्षरापर्यंत.

शेजारच्या खुर्चीचं चाक किरकिरलं.

"हो."

आयुष्यभर ज्याला 'हो' ऐकायची सवय, त्याचं बोट त्या एका शब्दावर आपोआप खाली येतं. साहेबांचं आलं. एंटर वाजल्यावर मग त्यांना कळलं की आवाज शेजारून आला होता.

"तू... तू म्हणालीस?"

"मी दाराशी आहे, साहेब."

त्यांनी मान वळवली. शेजारच्या खुर्चीत त्यांना काय दिसलं ते त्यांनी पुढे कधी सांगितलं नाही. नवीला दिसली ती फक्त खुर्चीची गादी. कोणी उठल्यावर ती हळूहळू वर फुगत येते, तशी येत होती.

नवीने नक्कल असलेली डिस्क आणि वही घेतली, थेट रुग्णालयाच्या विश्वस्तांकडे गेली आणि चौकशी बसली. या वेळीही चौकशीवाल्यांनी यंत्रच पाहिलं. यंत्रात साहेबांचं नाव होतं, साहेबांची वेळ होती. साहेब म्हणाले, मला 'हो' म्हटलं गेलं. कोणी? शेजारच्या खुर्चीतून. चौकशीवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पुढचा कागद घेतला. ड्रायव्हरकाकांना त्यांची फाइल मिळाली. ती छातीशी धरून ते बराच वेळ बाकावर बसून राहिले, आणि त्या दिवशी त्यांनी एकही विनोद केला नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि खरा संताप पुढेच आहे. नवीने अर्ज केला: नऊ वर्षांपूर्वीची चौकशी पुन्हा उघडा, त्या बाईंचं नाव धुऊन काढा. दीड महिन्याने उत्तर आलं, तीन ओळींचं. मृत कर्मचाऱ्याच्या बाबतीत प्रत्यक्ष साक्षीदाराच्या जबानीवाचून फेरविचार करता येत नाही. म्हणजे जिवंतपणी तोंड बंद केलं आणि मेल्यावर म्हणायचं, बोलत का नाही!

ते पत्र घेऊन तिने सोमवारी मास्तरांना गाठलं. "साक्षीदार आहे. तुम्ही आहात. एक पान लिहून द्या."

मास्तर स्टुलावर बसून हाताच्या शिरांकडे बघत होते. "आता काय उपयोग, पोरी? गेलेलं माणूस..."

"उपयोग त्यांना विचारा," नवी म्हणाली आणि शेजारच्या खुर्चीकडे बोट केलं.

मास्तर उठले. "गुरुवारी बघू," म्हणाले.

त्या संध्याकाळी वहीत एक ओळ तिची नव्हती. अक्षर जांभळं होतं. तारखेच्या रकान्यात येता गुरुवार. आज्ञेचा रकाना कोरा. तिसराही कोरा. चौथ्यात खूण नव्हती, एक शब्द होता: मास्तर.

गुरुवारी दहा वाजले, अकरा वाजले, मास्तर आले नाहीत. त्यांच्या घरचा फोन कोणी उचलत नव्हतं. नवीने सवयीने 'हू' लिहिलं, वाचलं आणि थांबली. 'हो' आला नाही. चूक शोधायला तिने पडदा नीट पाहिला, चूक नव्हती. तिने एंटर दाबलं.

तीन ओळी आल्या. तिसरी मास्तरांची होती.

शेजारच्या खुर्चीचं चाक किरकिरलं. पण आज निलगिरीचा वास नव्हता. आणि वीतभर अंतरावरून एक आवाज वाचू लागला. पुरुषाचा, ओळखीचा, कापरा. एकेक अक्षर लावत. आर... एम... ती अख्खी आज्ञा नवीने कधी ऐकली नव्हती, पण त्यातली तारीख नऊ वर्षांपूर्वीची होती. आवाज शेवटच्या अक्षरापर्यंत आला आणि थांबला. शेजारच्याने काही म्हणावं म्हणून.

'हो' तोंडून निसटू नये म्हणून नवीने ओठ घट्ट मिटून घेतले.

वाट बघून आवाजाने पुन्हा पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. टेबलावरचा फोन वाजू लागला. वरून बहुधा मास्तरांबद्दलच काही सांगायचं असावं. पण तो उचलला की पहिला शब्द तोंडातून काय निघेल, याची नवीला खात्री नव्हती. म्हणून ती तशीच बसून राहिली, एका हाताने तोंड दाबून, आणि आवाज वाचत राहिला.